धायरीच्या काकू परत का गेल्या? एका अटीचा प्रकरण अभ्यास

१ मेच्या रक्तदान शिबिरात सकाळी साडेदहाच्या सुमारास एका काकूंना टेबलावरूनच परत जावं लागलं. त्या धायरीहून बसने स्वारगेटला आणि तिथून रिक्षाने नारायण पेठेत आल्या होत्या. आदल्या दिवशी मंडळाकडून त्यांना फोन गेला होता, 'उद्या नक्की या.' डॉक्टरांनी त्यांचं जुनं कार्ड उघडलं. शेवटचं रक्तदान २६ जानेवारी. "अजून पंचाण्णवच दिवस झालेत. बायकांना एकशेवीस पूर्ण व्हावे लागतात. २६ मेपासून तुम्ही देऊ शकता." काकू चिडल्या नाहीत. पाण्याची बाटली पिशवीत ठेवत त्यांनी एवढंच विचारलं, "मग मला बोलावलं कशाला?"

हा प्रश्न ज्याला लागला तो मुलगा शेजारीच बिस्किटांचे पुडे लावत उभा होता. कुणाला फोन करायचा याची यादी त्याच्या प्रोग्रॅमने काढली होती. तो माझा विद्यार्थी. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मंडळाचा कार्यकर्ता आहे. सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला मी शनिवार-रविवार पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा नवशिक्यांसाठीचा वर्ग घेते, तिथे त्याचे तेव्हा सहाच तास झाले होते. सहा तासांच्या शिदोरीवर त्याने खऱ्या माणसांसाठी खरा प्रोग्रॅम लिहिला, याचं मला आजही कौतुक आहे. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही दोघांनी जे पाहिलं, ते प्रोग्रॅममध्ये अटी लिहायला शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काम काय होतं

मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. म्हणून मंडळाने महाराष्ट्र दिनी शिबिर ठरवलं. गूगल फॉर्मवर दोनशेच्या वर नावं आली. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी नियम दिले होते. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच रक्त देणारा ६० च्या वर नको. वजन किमान ४५ किलो. मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस झालेले हवेत. हिमोग्लोबिन किमान १२.५, पण ते तपासणं शिबिरातच होणार. ताप किंवा सर्दी-खोकला असलेल्यांना बोलवायचं नाही.

शेवटचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. प्रोग्रॅमने फक्त फोनची यादी काढायची होती, म्हणजे लोकांची फेरी फुकट जाणार नाही.

एक खुलासा आधीच करते. पायथनमध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात आणि त्याने ती तशीच ठेवली होती. इफ (जर), एल्स (नाहीतर), ऑर (किंवा), अँड (आणि), नॉट (नाही) हे शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीत टाइप करावे लागतात. एकच = म्हणजे नावात किंमत ठेवणं, आणि == म्हणजे 'सारखं आहे का?' हा प्रश्न. इथे मी सगळंच देवनागरीत लिहिलं आहे.

पहिली चूक

प्रोग्रॅममधल्या या चार ओळी:

इफ लिंग == "पुरुष" ऑर "पु":
    अंतर = ९०
एल्स:
    अंतर = १२०

फॉर्ममध्ये लिंगाची जागा मोकळी होती, त्यामुळे कुणी 'पुरुष' लिहिलं होतं, कुणी 'पु'. त्याने दोन्ही धरले. वाचताना ओळ अगदी सरळ वाटते. लिंग पुरुष किंवा पु असेल तर अंतर ९०.

शिबिरानंतरच्या शनिवारी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "ताई, मी चारदा वाचलं. अट बरोबर आहे. एररही येत नाही." मी म्हटलं, "वाचू नकोस, त्यालाच विचार." आम्ही पायथनचा प्रॉम्प्ट, म्हणजे एक ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारी खिडकी, उघडला आणि नुसती अट टाइप केली.

>>> लिंग = "स्त्री"
>>> लिंग == "पुरुष" ऑर "पु"
'पु'

तो स्क्रीनकडे बघत राहिला. ट्रू (खरं) नाही, फॉल्सही (खोटं) नाही. विचारलं होतं हो की नाही, आणि उत्तर आलं 'पु'.

तुलनेचं चिन्ह ऑरपेक्षा घट्ट बांधलेलं असतं. त्यामुळे पायथन या ओळीचे दोन तुकडे करतो. एक, लिंग == "पुरुष". दुसरा, नुसतं "पु". पहिल्या तुकड्याचं उत्तर फॉल्स. मग ऑर दुसऱ्याकडे वळतो. तिथे कसलीच तुलना नाही, फक्त एक अक्षर पडलेलं आहे. पायथनच्या लेखी रिकामा मजकूर आणि शून्य हे खोटे, आणि ज्यात काहीतरी आहे असा कुठलाही मजकूर खरा. ऑरला पहिली खरी गोष्ट सापडली की तो तीच उचलून परत देतो. म्हणून 'पु'. आणि इफच्या दृष्टीने 'पु' म्हणजे हो.

म्हणजे ही अट कुणासाठीही खोटी ठरूच शकत नव्हती. यादीतल्या प्रत्येक बाईला ९० दिवसांचंच अंतर लागलं होतं. एल्सखालची ओळ एकदाही चालली नव्हती.

मग ही गोष्ट आधी लक्षात का आली नाही? कारण यादीतल्या बहुतेक बायकांनी वर्षभरात रक्त दिलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ९० काय आणि १२० काय, उत्तर एकच. चूक उघडी पडणार होती ती फक्त ९० ते ११९ दिवसांच्या पट्ट्यात. १ मेपासून मागे मोजलं तर हा पट्टा २ जानेवारी ते ३१ जानेवारी असा येतो, आणि त्यातच २६ जानेवारी. प्रजासत्ताक दिनाची शिबिरं पुण्यात गल्लोगल्ली होतात. यादीतल्या तीन बायकांनी त्या दिवशी रक्त दिलं होतं. दोघी १ मेला काही कारणाने आल्याच नाहीत. तिसऱ्या या काकू.

मुलाने ही ओळ अशी का लिहिली याचा मी बरेच दिवस विचार केला, कारण दर तुकडीत निम्म्याहून जास्त मुलं हेच लिहितात. माझं मत असं झालं आहे की ही निष्काळजी नाही, ही चांगली मराठी आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आधीचं सगळं पोटात घेतं. 'पुरुष किंवा पु असेल तर' म्हटलं की शेवटचं 'असेल' दोघांनाही पुरतं. 'लिंग' हा शब्दही एकदाच म्हणायचा. दोनदा म्हटला तर ऐकणारा म्हणेल, किती पाल्हाळ लावतोस. संगणकाला मात्र तो पाल्हाळ हवाच असतो. किंवाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभं राहणारं, हो-नाही उत्तर देता येईल असं अख्खं वाक्य लागतं:

लिंग == "पुरुष" ऑर लिंग == "पु"

तेव्हापासून मी वर्गात एकच कसोटी लावते. किंवाची उजवी बाजू बोटाने झाका आणि डावी मोठ्याने प्रश्न म्हणून वाचा. मग डावी झाका आणि उजवी वाचा. 'लिंग पुरुष आहे का?' हा प्रश्न झाला. 'पु?' हा प्रश्न नाही. पोरांना हे ताबडतोब पटतं, कारण ते कानाला कळतं.

त्याने शेवटी इन ('यांपैकी एक आहे का?') वापरून लिहिलं, लिंग इन ("पुरुष", "पु"). तेही छान. पण मला जास्त आवडलं ते त्याचं पुढचं निरीक्षण. एका नोंदीत 'पुरुष' शब्दानंतर एक मोकळी जागा राहिली होती. ती डोळ्यांना दिसत नाही, पण == ला दिसते. त्या माणसाला आता एल्स लागून १२० दिवस मिळत होते. "ताई, हा चुकीचा आहे, पण हा बरा आहे ना?" मी म्हटलं, बरोबर पकडलंस. जो ओळखू येत नाही त्याला जास्त दिवसांचं अंतर द्यायचं. चूक झालीच तर कुणीतरी फार तर तीस दिवस उशिरा येईल, पण कुणाचं रक्त लवकर काढलं जाणार नाही. एल्समध्ये काय ठेवायचं हा व्याकरणाचा प्रश्न नसतो. आपल्याला कुठली चूक परवडते, हे तिथे ठरवायचं असतं.

अवतरणचिन्हांत अडकलेलं वजन

पहिली चूक सापडल्यावर आम्ही पूर्ण यादी समोर घेतली, आणि ज्यांना फोन गेला नाही त्यांच्याकडेही पाहिलं. लोक हे करत नाहीत. चुकून बोलावलेला माणूस येऊन विचारतो, चुकून वगळलेला घरीच बसतो.

त्यात एक गृहस्थ होते. वय ३४, वजन १०४ किलो, तब्येत ठणठणीत, आधी कधी रक्त दिलेलं नाही. यादीत नाव नाही. 'वजन किमान ४५' ही अट त्याने अशी लिहिली होती:

वजन >= "४५"

"४५ ला अवतरणचिन्ह कशाला रे?" तो म्हणाला, "आधी नव्हतं. लाल एरर आली. अवतरणचिन्ह लावल्यावर गेली."

फॉर्मची फाइल वाचली की प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच हातात येतो, आकडा दिसत असला तरी. मजकूर आणि आकडा यांत लहान-मोठं ठरवायला पायथन नकार देतो. ती लाल ओळ त्याच्या मदतीला आली होती. त्याने वजनाचा आकडा करायच्या ऐवजी ४५ चाच मजकूर केला. ओरड थांबली, पण तुलनेचा अर्थ बदलला. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, डावीकडून एकेक अक्षर. १०४ मधला १ आणि ४५ मधला ४, इथेच निकाल लागला. १०४ 'लहान' ठरलं. शंभर किंवा त्याहून जास्त किलोचा प्रत्येक माणूस असाच गळला होता. वयाची अटही अवतरणचिन्हांतच होती, पण सगळी वयं दोन अंकी असल्यामुळे ती योगायोगाने बरोबर चालली. मला अशा योगायोगाची जास्त भीती वाटते.

याहून विलक्षण नोंद पुढे होती. एका मुलीने आपलं वजन देवनागरी अंकांत लिहिलं होतं, ३८. प्रोग्रॅममधले ४ आणि ५ इंग्रजी अंक. संगणकाच्या अक्षरसूचीत देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या कितीतरी पुढे येतात. त्यामुळे मजकूर म्हणून पाहिलं तर देवनागरीत लिहिलेलं कुठलंही वजन इंग्रजी ४५ पेक्षा मोठंच ठरणार. तिला फोन गेला होता. शिबिरात वजनकाट्यावर उभी राहिल्यावर तिला थांबवलं. गंमत वाटेल, पण इंट वापरून आकडा करायला सांगितला की पायथन देवनागरी ३८ सुद्धा अचूक अडतीस म्हणून वाचतो. म्हणजे उपाय एका शब्दाचा होता. 'किलो' हा शब्दही सोबत लिहिणाऱ्यांच्या नोंदी मात्र आधी साफ कराव्या लागल्या.

'नसेल' कुणाला लागू

डॉक्टरांचं वाक्य होतं, 'ताप किंवा खोकला नसेल तर बोलवा.' मुलाने ताप आणि खोकला या नावांत हो-नाहीचे निकाल नीट साठवले होते. ताप = (रांगेतलं उत्तर == "हो"), असं. हे मी शिकवलेलं त्याने लक्षात ठेवलं होतं. नाहीतर 'नाही' हा मजकूरसुद्धा, रिकामा नसल्यामुळे, खरा ठरला असता. पुढे त्याने लिहिलं:

नॉट ताप ऑर खोकला

पुन्हा तेच. मराठीतलं शेवटचं 'नसेल' दोघांवर पसरतं, पण नॉट फक्त शेजारच्याला चिकटतो. पायथनने वाचलं ते असं, ताप नाही, किंवा खोकला आहे. चार शक्यता मांडून पाहिल्या. काहीच नाही, तर बोलवा. फक्त खोकला, बोलवा. ताप आणि खोकला दोन्ही, तरीही बोलवा. अडवला गेला तो फक्त ज्याला ताप आहे पण खोकला नाही तो. चारांपैकी एकालाच बोलवायचं होतं आणि तिघांना बोलावलं जात होतं.

बरोबर लिहायच्या दोन वाटा आहेत. नॉट (ताप ऑर खोकला), किंवा नॉट ताप अँड नॉट खोकला. कंस उघडून नॉट आत नेला की ऑरचा अँड होतो. या नियमाला डी मॉर्गनचं नाव आहे, आणि ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला झाला, हे सांगितलं की वर्गात दरवेळी माना वर होतात. त्यांच्याच काळातले जॉर्ज बूल. त्यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात विचारांचं बीजगणित मांडलं, आणि हो-नाहीच्या या हिशेबाला आजही त्यांचंच नाव आहे. मराठी माणूस हा नियम रोज पाळतो, नकळत. 'चहा किंवा कॉफी काही नको' म्हणजे चहा नको आणि कॉफीही नको. घरात कुणीही याचा उलटा अर्थ काढत नाही. नियम डोक्यात आहेच, तो कंसात उतरवायचा राहतो.

दुरुस्त करताना झालेली चूक

वयाची अट त्याने आधी अर्धीच लिहिली होती, ६० चा नियम सोडून. तो घालताना लिहिलं:

१८ <= वय <= ६५ अँड वय <= ६० ऑर आधी_दिलंय

अँड ऑरपेक्षा आधी सोडवला जातो, गुणाकार बेरजेच्या आधी होतो तसा. त्यामुळे 'आधी_दिलंय' एकटंच दाराशी उभं राहिलं आणि ज्याने पूर्वी कधीही रक्त दिलं आहे त्याला वयाची मर्यादाच उरली नाही. यादीत ७१ वर्षांचे एक आजोबा होते, तरुणपणापासून नियमित रक्त दिलेले. त्यांचं नाव झळकलं, म्हणून कळलं. कंस घातला:

१८ <= वय <= ६५ अँड (वय <= ६० ऑर आधी_दिलंय)

कंस लागत नसेल तिथेही घाला, असं मी सांगते. वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. आणि १८ <= वय <= ६५ ही गणितातल्यासारखी साखळी पायथनमध्ये चालते म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नका. सी भाषेत आधी डावी तुलना होते, तिचं उत्तर ० किंवा १ येतं, आणि ते ६५ पेक्षा नेहमीच लहान. अट कायमची खरी. कॉलेजात सी असणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं. = आणि == यांच्या गोंधळावर इथे वेळ घालवत नाही. इफमध्ये एकच = लिहिलं तर पायथन स्वतःच अडवतो.

एक चूक मात्र कुठल्याही चिन्हाने सुटणारी नव्हती. एका मुलाने वय १८ लिहिलं होतं आणि त्याला अठरावं लागलं होतं, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं सतराच. आपल्याकडे 'अठरावं चालू आहे' हे वय सांगण्याची रीतच आहे. तो खोटं बोलला नव्हता. >= बरोबर होतं, प्रश्न चुकीचा विचारला होता. फॉर्ममध्ये आता जन्मतारीख विचारतात.

माझ्या शिकवण्यात काय राहिलं होतं

मी सहा तुलनाचिन्हं फळ्यावर एका तक्त्यात शिकवली होती, ५ > ३ अशा उदाहरणांनी. अँड, ऑर, नॉट पुढच्या आठवड्यात. ५ > ३ ला चुकायला जागाच नाही. त्यातून मुलांची अशी समजूत होते की चिन्ह पाठ झालं म्हणजे अट आली. खरं काम चिन्हाच्या आधीचं आहे. 'किमान ४५' मध्ये ४५ येतात का? 'नव्वद दिवसांनंतर' मध्ये नव्वदावा दिवस धरायचा का? 'पासष्टच्या आत' म्हणजे पासष्ट चालेल का? हे डॉक्टरांना विचारायचं असतं, पायथनला नाही.

आता मी उंबरठ्यावरचे आकडे आधी लिहून घेते. त्या शनिवारी मुलाने वहीत रकाने आखले. पुरुष, ८९, ९०, ९१. स्त्री, ११९, १२०, १२१. वजन ४४, ४५, १०४. प्रत्येकापुढे आधी पेनने 'बोलवा' किंवा 'नको' लिहिलं आणि मगच प्रोग्रॅम चालवला. १ मेसाठी पुरुषांचा उंबरठा ३१ जानेवारी आला, बायकांचा १ जानेवारी. दोन्ही तारखा त्याने कॅलेंडरवर बोटाने मोजूनही पाहिल्या. जुन्या प्रोग्रॅमवर हीच वही चालवली तेव्हा 'स्त्री, ११९' या बायकांच्या पहिल्याच ओळीला चूक पकडली गेली. शिबिराच्या आधी पाच मिनिटं दिली असती तरी पुरली असती, हे त्याने स्वतःच म्हटलं, आणि मला त्यात भर घालावीशी वाटली नाही.

मंडळाचं पुढचं शिबिर १४ जूनला, जागतिक रक्तदाता दिनी ठरलं. यादी काढल्यावर पहिला फोन त्याने काकूंना केला, माझ्यासमोरच, वर्ग सुटल्यावर जिन्यात उभं राहून. आधी मागच्या वेळची माफी मागितली. काकूंनी पलीकडून विचारलं असावं, या वेळी नक्की ना. त्याने वही उघडली.

"हो काकू, त्या दिवशी एकशे एकोणचाळीस होतात. मी मोजलेत."